उशी सोडू नका, उंची काढा

मान धरली की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो उशी बंद करण्याचा. कधी तो डॉक्टरांकडून आलेला असतो, कधी शेजारच्या काकूंकडून, आणि बऱ्याचदा कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाकडून. ऐकणारा त्याच रात्री उशी पायाशी लोटतो, आठवडाभर सपाट गादीवर तळमळतो आणि मान काही केल्या सुटत नाही म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं आणायला लागतो. हा सल्ला अगदीच निराधार नाही. डोक्याखाली दोन-दोन जाड उश्या घेणाऱ्याला तो लागू पडतो आणि त्याच्यामुळेच तो पसरला असावा. पण बाकीच्यांना उशी नको असं नसतं, त्यांना आपल्या मापाची उशी हवी असते. हे माप दुकानदाराला सांगता येत नाही, पाकिटावरच्या मानेच्या चित्रातूनही कळत नाही. घरातल्या जुन्या चादरीच्या घड्या घालून ते अर्ध्या तासात काढता येतं.

हे लिहिताना डोळ्यांसमोर आहे तो साताऱ्याचा खंडाळा तालुका, लोणावळ्याशेजारचा खंडाळा नव्हे. वर नीरा नदी, खाली खंबाटकीचा घाट आणि मधून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग. एवढ्याशा मुलखात मान दुखायची जवळपास सगळी कारणं सापडतात. शिरवळ, केसुर्डीच्या कारखान्यांत पाळीभर मान खाली घालून सुटे भाग जोडणारी तरुण मंडळी. लोणंदच्या कांदा बाजारात पाठीवर पोती घेणारे हमाल आणि ढिगापाशी बसून कांदा निवडणाऱ्या बाया. डोक्यावरून वैरणीचा भारा आणणारी गावाकडची माउली. घाट चढण्याआधी ढाब्यावर गाडी लावून केबिनमध्येच आडवे होणारे ट्रकचालक. पुण्याला रोज मोटारसायकलवर ये-जा करणारे. यांतल्या प्रत्येकाच्या मानेचं दुखणं वेगळं, आणि तरी सगळ्यांना सल्ला एकच!

म्हणून उशीला हात लावण्याआधी एक साधी गोष्ट तपासा. मान जास्त कधी दुखते? सकाळी डोळे उघडताना मान आखडलेली असते, वळवायला गेलं की कळ येते, आणि तोंड धुऊन, चहा घेऊन, तास-दोन तास हालचाल झाली की मोकळी होते, असं असेल तर संशय झोपेवर घ्यायचा. तिथे उशी, गादी आणि झोपण्याची ढब बघावी लागेल. याउलट सकाळी मान ठीक असते आणि दुपारनंतर जड होत होत संध्याकाळी खांद्यापर्यंत उतरते, असं असेल तर दोष दिवसाच्या कामात आहे. अशा वेळी महागातली उशी आणून फार तर रात्रीची विश्रांती बरी होईल, मूळ दुखणं जाणार नाही. चार-पाच दिवस हे नीट पाहा. पुष्कळांचे उशीवरचे पैसे इथेच वाचतील.

आता उशीचं काम काय ते थोडक्यात. मानेत सात मणके असतात. बाजूने पाहिलं तर ते सरळ उभे नसतात, पुढच्या अंगाला त्यांचा हलका बाक असतो. त्यांच्यावर साडेचार-पाच किलोचं डोकं. मान ताठ असते तेव्हा हा भार मणके आणि मधल्या चकत्या सहज पेलतात. डोकं पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली संगणकावर याचा हिशोब मांडला होता. मान ६० अंशांत वाकली की तिच्यावर येणारा भार २७ किलोच्या आसपास जातो, असं त्यात निघालं. हा आकडा गणिती प्रतिमानाचा आहे, कुणाच्या मानेवर काटा लावून मोजलेला नाही. पण दिवसभर कांदा निवडणारीच्या किंवा मोबाइलमध्ये डोकं घालून बसणाऱ्याच्या मानेला काय सोसावं लागतं याची कल्पना त्यावरून येते. या स्नायूंना सैल पडायला मिळतात ते झोपेचे सहा-सात तास. उशी फार उंच असेल तर हनुवटी छातीकडे ढकलली जाते आणि रात्रभर मोबाइल पाहण्याचीच ढब राहते. उशीच नसेल तर कुशीवर झोपणाऱ्याचं डोकं गादीकडे कलतं. उताणं झोपणाऱ्याची हनुवटी वर जाते आणि मान मागे मुडपते. तिन्ही प्रकारांत स्नायूंना सुट्टी नाही.

पाठीला पोक आलेल्या आजी-आजोबांची उशी काढून घेणं तर जुलूमच आहे. त्यांची पाठ गादीला टेकली की डोकं अधांतरी राहतं. ते टेकवायला मान मागे टाकावी लागते, मग चक्कर आल्यासारखं होतं, हात बधिर होतात. घरात अशी वडीलधारी मंडळी असतील तर त्यांना भिंतीला टाचा, कुल्ले आणि पाठ टेकवून उभं करा, समोर पाहायला सांगा. डोक्याचा मागचा भाग भिंतीला लागतो का बघा. लागत नसेल तर भिंत आणि डोकं यांच्यात जेवढी फट आहे, निदान तेवढ्या उंचीची उशी त्यांना उताणं झोपताना लागणारच. तरुणांनीही ही परीक्षा करून बघायला हरकत नाही. आठ तास वाकून काम करणाऱ्या पंचविशीच्या पोरांचं डोकंही कधी कधी भिंतीला लागत नाही.

आता चादरीकडे येऊ. सोलापुरी चादरी दोन घ्या, किंवा अंग पुसायचे जाड टॉवेल तीन-चार. गोधडी घेऊ नका, तिच्या शिवणी आणि आतली लुगडी यांमुळे घड्या सारख्या बसत नाहीत. चादरीची घडी नेहमीच्या उशीएवढ्या लांबी-रुंदीची घाला आणि तुम्ही रोज जिथे झोपता तिथेच ठेवा. दिवाणखान्यातल्या दिवाणावर माप काढून आतल्या पलंगावर झोपण्यात अर्थ नाही, कारण अंथरूण बदललं की माप बदलतं. घरातलं एक माणूस मदतीला घ्या.

आधी ज्या कुशीवर जास्त झोपता त्या कुशीवर व्हा. गुडघे थोडे दुमडलेले, खांदा गादीवर, डोकं आणि मान घडीवर. मदतनीसाने समोर गादीच्या पातळीला डोळे आणून पाहायचं. कपाळाचा मध्य, नाक, हनुवटी आणि गळ्याखालची खोबण ही एका रेषेत आहेत का? नाक गादीकडे उतरत असेल तर एक घडी वाढवा, छताकडे चढत असेल तर एक काढा. मग पाठीमागे जाऊन बघायचं, मानेचे मणके पाठीच्या मणक्यांच्या रेषेत आहेत की तिथे कोन झालाय. नजरेचा भरवसा नसेल तर मोबाइलवर फोटो काढा आणि झोपलेल्यालाच दाखवा. आपण किती वाकडे झोपतो ते पाहून लोक चकित होतात. रेष जमली की लगेच उठू नका. पाच-सात मिनिटं तसेच पडून राहा. मान आणि खांद्याच्या मधला स्नायू, जो आपण दमल्यावर नकळत दाबतो, तो सैल झालाय असं वाटलं पाहिजे. ताण जाणवला तर पुन्हा एखादी घडी कमी-जास्त करा.

मग उताणे व्हा. इथे घड्या कमी लागतील. डोळे उघडल्यावर नजर सरळ वरच्या पंख्याकडे जायला हवी. पायाकडची भिंत सहज दिसत असेल तर उशी उंच आहे, डोक्यामागची भिंत दिसत असेल तर कमी आहे. घडीची कड खांद्याला भिडलेली असावी पण खांदा तिच्यावर चढलेला नसावा. बहुतेकांची चूक इथे होते. उशी नुसती डोक्याच्या मागच्या गोलाईखाली ठेवतात आणि मानेखालची पोकळी तशीच राहते. आधार त्या पोकळीला हवा असतो.

दोन्ही मापं झाली की डोकं घडीवर असतानाच शाळेच्या फूटपट्टीने उंची मोजा. डोकं उचलल्यावरची उंची उपयोगाची नाही. ढोबळ मानाने मोठ्या माणसांची उताणी उंची ६ ते १० सेंटिमीटर आणि कुशीची १० ते १४ सेंटिमीटर निघते. रुंद खांद्यांच्या पैलवान गड्याला याहून जास्त लागेल, नाजूक चणीच्या बाईला कमी. म्हणजे नवरा-बायकोला एकाच जोडीतल्या दोन सारख्या उश्या सहसा मानवणार नाहीत, मग त्यांचे अभ्रे भले एकाच नक्षीचे असोत.

अंथरुणाचा हिशोब यात फार मोठा आहे. जमिनीवर सतरंजी आणि वाकळ टाकून झोपणाऱ्याचा खांदा खाली रुतत नाही, त्यामुळे डोकं आणि जमीन यांच्यातलं अंतर जास्त राहतं आणि उशी उंच लागते. फोमच्या मऊ गादीत खांदा रुततो, अंतर कमी होतं, उशी पातळ लागते. लग्नात नवा पलंग आणि जाड फोमची गादी येते, उश्या मात्र आधीच्या सतरंजीच्या काळातल्या राहतात, आणि चार महिन्यांनी मान दुखायला लागल्यावर खापर लग्नाच्या दगदगीवर फुटतं. लोखंडी कॉटची जाळी किंवा बाज मध्ये झोळीसारखी खाली गेली असेल तर कुठलीच उशी धड बसणार नाही. आधी ती आवळून घ्या, नाहीतर तिच्यावर फळी टाका.

रात्रभर कुणी एकाच कुशीवर राहत नाही, मग दोनपैकी कोणतं माप धरायचं? सकाळी ज्या अवस्थेत जाग येते आणि झोप लागताना जी अवस्था घेता, त्या दोन्ही सारख्या असतील तर तीच धरा. वेगळ्या असतील तर कुशीच्या मापाच्या जवळची, पण मध्ये डोक्याच्या भाराने थोडी दबणारी उशी घ्या. कडा भरलेल्या आणि मध्य खोलगट, अशी कापसाची उशी हे काम चांगलं करते आणि ती बनवून घेता येते.

ती बनवणारा माणूस आपल्या बाजारपेठेत अजून आहे. पूर्वी पिंजारी खांद्यावर धनुकली घेऊन दारोदार फिरायचे. अंगणात कापूस पसरायचा, तातीच्या टणत्काराबरोबर तो उडायचा आणि दुपारपर्यंत जुन्या गादीची नवी गादी व्हायची. दक्षिण महाराष्ट्रात नदाफ, पिंजारी ही आडनावं त्या धंद्यातूनच आली. आता धनुकलीच्या जागी विजेवर चालणारी पिंजणयंत्रं आहेत आणि पाटी ‘गादी कारखाना’ अशी असते. कंपनीच्या उशीला नसलेली एक सोय या दुकानात आहे. तुमच्या मापाप्रमाणे कापूस कमी-जास्त भरून मिळतो. लोक मात्र तिथे जाऊन ‘चांगली टम्म भरा’ म्हणतात आणि दगडासारखी उशी घेऊन येतात.

तसं करू नका. फूटपट्टीचं माप बरोबर न्या. भरण्याआधी कापूस दाखवायला सांगा. एक पुंजका हातात घेऊन दोन्ही बाजूंनी हळू ओढा. लांब तंतू निघत असतील तर माल बरा, लगेच तुटून बोटांवर भुकटी राहत असेल तर तो जुना किंवा गिरणीतला टाकाऊ कापूस आहे. नाकाजवळ धरा, कुबट वास नको. नवा कापूस पहिल्या काही आठवड्यांत दबतो, तेव्हा मापापेक्षा बोटभर जास्त भरायला सांगा, त्याहून अधिक नाही. कडेला थोडा जास्त आणि मध्ये कमी कापूस घालायला सांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खोळीचं तोंड पक्कं न शिवता कच्चे टाके घालून द्या म्हणावं. आठवडाभर झोपून बघायचं, मग मूठभर कापूस काढायचा की घालायचा ते ठरवून तोंड पक्कं करून घ्यायचं. दुकानदार पहिल्यांदा चमत्कारिक नजरेने बघेल. बघू दे.

सावरीच्या कापसाबद्दल लोकांच्या मनात फार आदर आहे. सह्याद्रीच्या कुशीत काटेसावरीला शिशिरात पानं झडल्यावर लालभडक फुलं येतात आणि उन्हाळ्यात बोंडं फुटून तो रेशमासारखा कापूस उडायला लागतो. त्याचा तंतू आखूड आणि गुळगुळीत, म्हणून सूत कातायला निरुपयोगी. पण आतून पोकळ, त्यामुळे वजनाला हलका. उशी अतिशय मऊ होते आणि कापसासारखी गच्च बसत नाही. मानेच्या दृष्टीने मात्र हाच मऊपणा नडतो. डोकं ठेवताच ती खोल जाते आणि कुशीवर झोपणाऱ्याला आधार उरत नाही. उताणं झोपणाऱ्याला, ज्याला पातळ उशी हवी आहे, तिच्यावर सुख लागेल. ही उशी धुता येत नाही, आणि काही वर्षांनी तंतूंचा भुगा व्हायला लागतो.

रेक्रॉन किंवा तत्सम धाग्याच्या उश्या आता घरोघरी आहेत. स्वस्त, हलक्या, धुता येणाऱ्या. दुकानात त्या फुगलेल्या दिसतात आणि वर्षभरात पापड होतात. घेताना तळहाताने दाबून बघा. दाबल्यावर उरते ती उंची तुमची. फुगलेली उंची दुकानाची.

मेमरी फोमचा गवगवा फार आहे. १९६६ साली नासाच्या एका केंद्रासाठी विमानातल्या आसनांच्या गाद्या सुधारताना हा फोम तयार झाला, एवढ्या भांडवलावर आजही जाहिराती चालतात. तो अंगाच्या उबेने नरम होतो आणि डोक्याचा आकार घेतो, हे खरं. पण याच गुणामुळे थंडीत तो कडक होतो. पौषातल्या गारठ्यात, पत्र्याच्या खोलीत, रात्री अंथरुणात शिरताना ही उशी लाकडी फळीसारखी लागते आणि सैल पडायला वेळ घेते. उन्हाळ्यात तिच्यावर डोकं तापतं. घ्यायचीच असेल तर भोकं पाडलेली घ्या, आणि नवी असताना तिला येणारा उग्र वास जाईपर्यंत दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवा.

लॅटेक्स म्हणजे रबराच्या चिकापासून केलेली उशी. दाबली की उसळून वर येते आणि उंची टिकवते. ऑस्ट्रेलियात सुसान गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुशीवर झोपणाऱ्यांना वेगवेगळ्या उश्या देऊन केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००९-१० मध्ये आले. सकाळच्या मानदुखीसाठी लॅटेक्स सगळ्यांत सरस ठरलं आणि पिसांची उशी सगळ्यांत वाईट. आपला कापूस त्या पाहणीत नव्हता. त्यात आणखी एक गोष्ट निघाली ती आपल्या खिशाच्या कामाची आहे: मध्ये खळगा आणि कडेला उंचवटा असलेली, ‘सर्व्हायकल’ म्हणून विकली जाणारी फोमची उशी साध्या फोमच्या उशीपेक्षा सरस असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. तो उंचवटा तुमच्या मापाचा निघाला तर उशी छान, नाहीतर रात्रभर मानेखाली उंबरठा. ‘ऑर्थोपेडिक’ हा शिक्का उशीवर कुणालाही छापता येतो. ऑनलाइन घेत असाल तर उंची सेंटिमीटरमध्ये दिली आहे का, आतले थर काढता येतात का आणि वापरून पाहिल्यावर परत घेतात का, एवढ्या तीन गोष्टी वाचा. बाकीची स्तुती वाचून काही कळत नाही.

तुमच्या सध्याच्या उशीची उंची मापात बसत असेल आणि फक्त मानेखाली पोकळी राहत असेल तर नवी उशी घेऊच नका. हातपुसण्याचा नॅपकिन मनगटाएवढा जाड गुंडाळा आणि अभ्र्याच्या आत, उशीच्या खालच्या कडेला सरकवा. गुंडाळी मानेखाली येईल, डोकं मागच्या सपाट भागावर राहील. टोचली तर सैल गुंडाळा.

नव्या उशीवर पहिले तीन-चार दिवस अवघड वाटणारच. इतक्या वर्षांची सवय मोडायची आहे. दोन आठवडे वाट पाहून मग निकाल द्या. मात्र दुखणं वाढतच असेल तर थांबू नका, उंची बदला. कुशीवर झोपताना खालचा हात उशीखाली घालून झोपू नका, हाताला मुंग्या येतात आणि उशीचं माप बिघडतं ते वेगळंच. वरचा हात पुढे लोंबला की तो खांद्याला आणि मानेला ओढतो, म्हणून पोटाशी लोड किंवा जुनी उशी धरा. गुडघ्यांच्या मध्ये आणखी एक ठेवली तर कंबरही खूश. पालथं झोपणाऱ्याला तासन्‌तास मान एका बाजूला वळवून ठेवावी लागते, त्याचं मानदुखीशी फारसं जमत नाही. सवय एकदम सुटत नाही. छाती-पोटाला लोड लावून निम्मं कुशीवर वळायला शिका आणि तोवर डोक्याखाली अगदी पातळ घडी ठेवा.

रात्रपाळीहून आलेली माणसं घरी जागा मिळेल तिथे आडवी होतात. सोफ्याच्या हातावर डोकं ठेवून टीव्ही बघत लागलेली झोप मानेला सगळ्यांत महाग पडते. दिवसा झोपायचं तरी आपल्याच अंथरुणावर, आपल्याच उशीवर झोपा. अंथरुणात मोबाइल बघायला दोन उश्या रचत असाल तर फोन ठेवताना वरची उशी खाली टाका. ट्रकच्या केबिनमध्ये उशी ठेवायला जागा नसते हा समज आहे. पांघरायच्या ब्लँकेटच्या घड्या तेच काम करतात, फक्त माप एकदा केबिनमध्येच घ्यावं लागतं. एसटीत बसल्या बसल्या झोपणाऱ्यांसाठी यू आकाराची उशी बरी. डोकं पुढे पडत असेल तर तिची फट मागे करून घाला, म्हणजे हनुवटी टेकते.

आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्कामाला थांबते. वारीत डोक्याखाली असते ती पिशवी. तिच्यात तांब्या, डबा, औषधांच्या बाटल्या आणि कपडे सगळं एकत्र कोंबलेलं असतं. निघतानाच कपड्यांची वेगळी चपटी पिशवी करा आणि रात्री तेवढीच डोक्याखाली घ्या. घरी काढलेलं माप जमिनीवरच्या अंथरुणाला चालणार नाही, थोडी उंच लागेल.

तान्ह्या बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी करण्याची पद्धत आहे. एक वर्षाखालच्या बाळाला कोणतीही उशी देऊ नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण नाक-तोंड दबून श्वास कोंडण्याचा धोका असतो. आजीला वाईट वाटलं तरी चालेल.

उशी टिकते किती? रेक्रॉनची उशी मधोमध दुमडून सोडा. ती उलगडली नाही तर तिचं आयुष्य संपलं. कापसाची उशी गोळे झाले की पिंजून घ्या, पिंजल्यावर वजन तेवढंच पण उंची वाढलेली मिळते, तेव्हा माप पुन्हा बघा. कापसाला ऊन हवं, पावसाळ्यात उघडीप मिळाली की लगेच. फोम आणि लॅटेक्स मात्र उन्हात टाकू नका, तडकतात; सावलीत वाऱ्यावर ठेवा. अभ्रा आठवड्याला धुवा.

उशीने होण्यासारखं काय नाही तेही सांगायला हवं. सलूनमध्ये दाढीनंतर मान कडाकड मोडून घेण्याची हौस सोडा. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्या झटक्यात फाटू शकतात आणि अर्धांगवायूपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून लाथ खाण्याची रीत कंबरेपुरतीच राहिलेली बरी, मानेला तो प्रयोग नको. एक्स-रेमध्ये ‘मणक्यात गॅप’ निघाली म्हणून घाबरून पट्टा बांधून बसू नका. पन्नाशीनंतर झीज बहुतेकांच्या चित्रात दिसते, दुखत नसलेल्यांच्याही. पट्टा किती दिवस वापरायचा हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, कायम वापरला की स्नायू दुबळे होतात.

काही लक्षणं मात्र घरी ठेवायची नसतात. दुखणं खांद्यातून हातात उतरून बोटं बधिर होणं, हातातली वस्तू गळून पडणं, सदऱ्याची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, मानदुखीबरोबर ताप आणि जोराची डोकेदुखी येणं, कारण नसताना वजन उतरणं. यातलं काहीही असलं तर उशीचा विचार बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. मान आणि जबडा दुखतोय, छाती भरून आलीय, घाम फुटलाय, तर एक मिनिटही घालवू नका, ते हृदयाचं असू शकतं. घाटात गाडीवरून पडलेल्याची मान दुखत असेल तर त्याला उठवून बसवू नका, डोकं-मान न हलवता तसंच राहू द्या आणि १०८ ला फोन करा. हातापायांत जोर कमी झाल्याची शंका असेल तर गावात पंधरा दिवस इंजेक्शनं घेत बसण्यापेक्षा साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय गाठलेलं बरं. जाताना चार ओळी लिहून न्या: दुखणं सकाळी जास्त की संध्याकाळी, मुंग्या कोणत्या बोटांत येतात, काम काय करता, कोणत्या कुशीवर झोपता, आणि उशीची उंची किती सेंटिमीटर.